पावसात आग का धरत नाही, आणि घरी केलेला फायर स्टार्टर ती कशी धरवतो

काडेपेटी कोरडी आहे, काटक्या गोळा करून झाल्या आहेत, चार माणसं वाकून फुंकर घालताहेत, आणि तरी आग धरत नाही. काडी विझते, पुन्हा काडी, पुन्हा धूर. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत मुक्कामाला गेलेल्या बहुतेकांना हे ओळखीचं वाटेल. दर पावसाळ्यात घाटात वाट चुकून रात्र काढावी लागलेल्या ट्रेकर्सच्या बातम्या येतात, आणि त्यापाठोपाठ जंगलात आग कशी पेटवावी याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. त्यातले बरेचसे अमेरिका, कॅनडा किंवा स्वीडनसारख्या देशांतले असतात. तिथे बर्च झाडाची साल ओली असली तरी पेट घेते, पाइनच्या राळेने माखलेल्या ढलप्या भराभर जळतात. आपल्या घाटात बर्च नाही आणि तसा पाइनही नाही. आपल्याकडे कारवी आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि चार महिने न थांबणारं पाणी आहे. त्यामुळे आग धरवणारी वस्तू आपल्याला रानात मिळत नाही, ती घरून न्यावी लागते.

या वस्तूला दुकानात फायर स्टार्टर म्हणतात. काडी आणि लाकूड यांच्या मधला हा दुवा: काडीच्या छोट्या ज्योतीने चटकन पेटणारा आणि नंतर काही मिनिटं न विझता जळत राहणारा तुकडा. तो घरी जवळजवळ फुकट होतो. पण तो का चालतो हे कळलं नाही, तर चांगला फायर स्टार्टर हातात असूनही आग धरणार नाही. म्हणून आधी थोडं विज्ञान.

## लाकूड जळत नाही, त्याची वाफ जळते

लाकडाला ज्योत लावली की लाकूड लगेच जळत नाही. आधी ते तापतं, त्यातलं पाणी निघून जातं. मग साधारण दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे घटक तुटू लागतात आणि त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू हवेत मिसळून पेटतात. आपल्याला दिसते ती पिवळी ज्योत या वायूंची. मागे उरतो तो कोळसा, आणि तो ज्योतीशिवाय लालबुंद होऊन जळतो.

मेणबत्तीचंही असंच आहे. वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, तेव्हा हेच दाखवलं होतं. घरी करून पाहता येतं. मेणबत्ती हलकेच विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला, वातीपासून थोड्या अंतरावर, पेटती काडी लावा. ज्योत त्या धुरातून खाली उतरून वातीवर पुन्हा बसते. तो धूर म्हणजे न जळलेली मेणाची वाफ.

ज्या तापमानाला पदार्थ पेट घेतो, त्याला शाळेच्या पुस्तकात ज्वलनांक म्हणतात. आग लावणं म्हणजे लाकडाचा काही भाग ज्वलनांकापर्यंत नेणं आणि तो आपल्या आपण तापत राहीपर्यंत बाहेरून उष्णता देत राहणं. यातली अर्धी गोष्ट, तीही पहिली, आपण लक्षात ठेवतो. दुसरीकडे लक्ष जात नाही.

## ओल्या काटकीचा हिशेब

पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काटकी घ्या. कोरडं लाकूड समजा पाच ग्रॅम, आणि पावसात भिजून त्यात दोन ग्रॅम पाणी आहे.

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. म्हणजे २५ अंशांचं पाणी १०० अंशांवर न्यायला ७५ कॅलरी. पण १०० अंशांवर पोचलेल्या त्याच एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. तापमान तसूभर वाढत नाही आणि उष्णता मात्र सातपट जास्त खर्ची पडते. पावसातल्या आगीची सगळी अडचण या ५४० मध्ये आहे.

दोन ग्रॅम पाणी घालवायला ६१५ दुणे १२३० कॅलरी हव्यात. काडेपेटीच्या काडीत जळणारं लाकूड असतं जेमतेम दशांश ग्रॅम. कोरड्या लाकडातून ग्रॅमला सुमारे ४००० कॅलरी मिळतात असं धरलं, तरी काडीतून ४०० निघतात. त्यातल्या बहुतेक हवेबरोबर वर निघून जातात. म्हणजे सगळी उष्णता, काहीही वाया न जाता, काटकीत शिरली असती तरी एका काटकीचं पाणी घालवायला तीन काड्या लागल्या असत्या, आणि काटकी पेटायला तर त्यानंतर सुरुवात. प्रत्यक्षात पंधरा-वीस काड्या ओढूनही काही होत नाही ते यामुळे. कुणाला आग लावता येत नाही असं नसतं. हिशेबच जुळत नसतो.

(या कॅलरी विज्ञानाच्या पुस्तकातल्या. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेली कॅलरी याच्या हजारपट मोठी असते.)

आता व्हॅसलीन घ्या. पेट्रोलियम जेली किंवा मेण जाळलं की ग्रॅममागे १० हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. दोन ग्रॅम व्हॅसलीन लावलेल्या कापसाच्या बोळ्यात सुमारे २० हजार, म्हणजे पन्नास काड्यांएवढी उष्णता. आणि ती चार-पाच मिनिटं एकाच जागी मिळत राहते. वाया जाऊनही पुरेशी उरते.

## फुलवातीत सगळं उत्तर आहे

कोरडी फुलवात पेटवून पाहा. भुर्रकन जळते आणि संपते. तीच फुलवात तुपात भिजवून निरांजनात ठेवली की आरती होऊन जाते तरी तेवत असते. कापूस तोच, ज्योतही तेवढीच. फरक एवढाच की तुपात भिजलेल्या वातीत कापूस स्वतः फारसा जळत नाही. तो तूप वर ओढत राहतो, तुपाची वाफ जळते, आणि तूप संपल्यावर शेवटी वात काळी पडते.

बहुतेक फायर स्टार्टर, दुकानातले महागडे असोत की घरचे, या एका तत्त्वावर चालतात. एक तंतुमय वस्तू वातीचं काम करते आणि एक स्निग्ध वस्तू इंधनाचं. कापूस, सुतळी, लाकडाचा भुसा, पुठ्ठा, नारळाची सोडणं ही झाली वात. मेण, व्हॅसलीन, तूप, तेल हे झालं इंधन. स्निग्ध पदार्थाचा आणखी एक फायदा असा की पाणी त्यात शिरत नाही. पाण्यात बुडवून काढून झटकलेला व्हॅसलीनचा बोळा फोडला तर आत कोरडा कापूस सापडतो.

हे कळलं की कोणतीही कृती पाठ करावी लागत नाही. हातात असलेल्या वस्तूंत वात कोणती आणि इंधन कोणतं एवढं विचारायचं.

## घरी करण्याचे प्रकार

कापूस आणि व्हॅसलीन. नवशिक्याने यापासून सुरुवात करावी, कारण गॅस पेटवावा लागत नाही. औषधाच्या दुकानातला साधा कापूस घ्या. कापसासारख्या दिसणाऱ्या पॉलिस्टरच्या उशीतल्या भरणातून काम होणार नाही. ते वितळतं आणि त्याचे पेटते थेंब हातावर चिकटतात. सुपारीएवढा बोळा करा, बोटावर व्हॅसलीन घेऊन बाहेरून चोळा आणि मग दोन-तीनदा दाबा. मधला थोडा भाग मुद्दाम कोरडा ठेवायचा. इथेच अनेकजण जास्तीचं व्हॅसलीन भरतात आणि मग बोळा काडीनेसुद्धा पटकन पेटत नाही, ठिणगीने तर नाहीच. पेटवताना बोळा चिमटीने फोडून आतले कोरडे तंतू वर काढा. तंतू आधी पेटतात, मग ते व्हॅसलीन ओढून घेतात.

व्हॅसलीनऐवजी खोबरेल तेल चालेल का, असं बरेचजण विचारतात. जळायला चालेल. पण खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणजे डिसेंबरात घाटमाथ्यावर ते घट्ट राहील आणि इतर वेळी सॅकमध्ये पाझरेल. तूप आणि गोडेतेल काही महिन्यांत खवट होतात आणि उंदरांना त्यांचा वास लागतो. व्हॅसलीन ना पाझरतं, ना खराब होतं.

सुतळी आणि मेण. ज्यूटची सुतळी घ्या, प्लॅस्टिकची नको. बोटभर लांबीचे तुकडे कापा, वितळलेल्या मेणात बुडवा, कागदावर सुकत ठेवा. पेटवण्यापूर्वी एक टोक उलगडून पिंजायचं. हे तुकडे छोटे, हलके आणि खिशात मावणारे. मी स्वतः नेहमी हेच बाळगतो.

भुसा, मेण आणि अंड्यांचा ट्रे. हा जड, पण सर्वांत जास्त वेळ जळणारा. अंडी ज्या करड्या कागदी लगद्याच्या ट्रेमध्ये येतात तो घ्या. सुताराकडून किंवा लाकडाच्या वखारीतून साध्या लाकडाचा कोरडा भुसा आणा. प्लायवूड किंवा एमडीएफ कापताना पडलेला भुसा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात. ट्रेच्या प्रत्येक खळग्यात भुसा सैल भरा, वरून वितळलेलं मेण ओता आणि चमच्याने हलके दाबा. भुसा मेणाने एकमेकांना धरला पाहिजे, मेणात बुडून जाता कामा नये. गार झाल्यावर खळगे कापून वेगळे करा. पेटवताना पुठ्ठ्याची कड फाडून तिथे काडी लावायची. असा एक तुकडा दहा मिनिटं सहज जळतो. पावसाळ्यात घरची चूल किंवा कोळशाची शेगडी पेटवायला, आणि थंडीत हुरड्याच्या आगटीतल्या गोवऱ्यांना आग धरवायलाही हा उत्तम.

कोकणातल्या वाचकांना ट्रे शोधायची गरज नाही. नारळाचं वाळलेलं सोडण तोडून पिंजलं, त्याच्या जुड्या बांधून मेणात बुडवल्या की काम झालं. तुराट्यांचे, पऱ्हाट्यांचे तुकडेही मेणात बुडवून ठेवता येतात, पण ते वात म्हणून कापसाइतके चांगले नाहीत.

मेण वितळवताना मात्र एक नियम कधीही मोडू नका. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. पातेल्यात पाणी उकळायला ठेवा आणि त्या पाण्यात मेणाचा छोटा डबा ठेवा. साधं मेण पन्नास-साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि पाणी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे मेण पेट घेण्याच्या तापमानापासून लांब राहतं. थेट आचेवर ते दोनशेच्या पुढे जाऊ शकतं आणि डब्यातच पेटतं. तसं झालंच तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी अजिबात ओतू नका: पाणी जड असल्याने पेटत्या मेणाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं मेण चारी बाजूंना उडतं. कढईतल्या पेटलेल्या तेलालाही हाच नियम लागू आहे. लहान मुलं स्वयंपाकघरात असताना हे काम करू नये.

## "देवघरात कापूर आहे, मग एवढा खटाटोप कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कापूर सहज पेटतो, पाण्यावर तरंगतानाही जळतो आणि घराघरात असतो. त्याची ज्वलनशील वाफ साध्या तापमानालाही निघत असते, म्हणूनच तो डबी उघडी राहिली की हळूहळू नाहीसा होतो.

पण याच गुणात त्याची मर्यादा आहे. वाफ भराभर निघते म्हणून वडी भराभर संपते. त्यात वात नाही, त्यामुळे ज्योत एका जागी टिकत नाही, वितळलेला कापूर पसरतो. ओली काटकी वाळायच्या आत तो संपतो. माझं मत असं की कापूर आरंभाला घ्यावा आणि मेण किंवा व्हॅसलीन टिकायला. व्हॅसलीनच्या बोळ्याच्या मधोमध कापराची छोटी वडी दाबून ठेवली की दोघांचे गुण एकत्र येतात. फक्त वडी त्या वेळी घालायची, महिनाभर आधी नाही, नाहीतर ती उडून जाईल. आणि कापूर पोटात जाणं लहान मुलांना फार धोक्याचं असतं. झटके येऊ शकतात. डबी त्यांच्या हाती लागू देऊ नका.

## "मग थोडं पेट्रोल शिंपडलं तर?"

नको. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरही पेटण्याजोगी असते. म्हणजे आपण ओततो तेव्हाच लाकडाभोवती, पायाशी, दगडांच्या फटींत न दिसणारी वाफ पसरलेली असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. काडी ओढतो तेव्हा आपण त्या वाफेच्या मध्येच उभे असतो. विझत आलेल्या आगीवर बाटलीतून पेट्रोल ओतणं तर त्याहून वाईट, कारण ज्योत धारेवरून थेट बाटलीत चढते. सॅनिटायझरचंही तसंच आहे. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, आणि आग लागली नाही असं समजून माणूस पुन्हा ओततो.

रॉकेल पेट्रोलइतकं भडकत नाही, पिढ्यान् पिढ्या चुलीला ते वापरलं गेलं. पण त्यालाही वात लागतेच. नुसतं ओल्या लाकडावर शिंपडलं तर वरवर जळून जातं आणि लाकूड आतून ओलं ते ओलंच.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ओले असतानाही पेटतात हे खरं आहे. धूर काळा आणि विषारी असतो. जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी एक-दोन पट्ट्या ठेवाव्यात; स्वयंपाकाच्या आगीत त्या कधीही घालू नयेत.

## काडी, लायटर आणि ठिणगी

आपल्या नेहमीच्या काडेपेटीत रसायनं दोन ठिकाणी वाटलेली असतात: काडीच्या गुलात एक आणि पेटीच्या कडेला दुसरं, लाल फॉस्फरस. दोन्ही भेटल्याशिवाय ज्योत नाही. म्हणून काड्या कोरड्या राहिल्या आणि पेटीची कड भिजली तर काड्या निरुपयोगी ठरतात. काड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवताना पेटीची कडही कापून सोबत ठेवा.

लायटर सोयीचा. हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की त्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वायूत बदलणं थांबवतो. लायटर आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवला की चालतो. त्यातला गॅस संपला तरी फेकू नका. चाकाखाली जो खडा असतो त्याच्या ठिणग्या पिंजलेल्या कोरड्या कापसाला पेटवू शकतात. हा खडा म्हणजे सेरियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं आणि लोखंड यांचा मिश्रधातू. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तो शोधला. त्याचीच जाड कांडी फेरो रॉड म्हणून मिळते. ती भिजली तरी पुसून चालते, आणि तिच्या ठिणग्यांचं तापमान ३००० अंशांच्या आसपास जातं. पूर्वीची चकमक आणि गारगोटी यांचंही काम ठिणगीचंच, पण ती ठिणगी खूपच मवाळ, म्हणून तिला जळकट कापसावर झेलावं लागे.

## ओल्या रानात आग रचताना

इथे मी जरा थांबणार आहे, कारण फायर स्टार्टर उत्तम असूनही बहुतेकांची आग इथे फसते.

जमिनीवर थेट रचू नका. ओली माती आणि दगड उष्णता शोषून घेतात. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या शेजारी शेजारी मांडून छोटा पाट करा, त्यावर फायर स्टार्टर ठेवा.

लाकूड पडलेलं घेऊ नका, उभं वाळलेलं घ्या. जमिनीवरचं लाकूड स्पंजासारखं पाणी धरून असतं. झाडाला अडकलेली वाळकी फांदी वरून भिजलेली दिसली तरी आतून कोरडी असू शकते. मोडून पाहा: कटकन आवाज आला तर कामाची, नुसती वाकली तर सोडून द्या. जाड काठी कोयत्याने उभी फोडली की मधला कोरडा गाभा हाती लागतो. त्याच्या पातळ ढलप्या काढा. वाळलेल्या कारवीच्या काठ्या सरळ, बारीक आणि पोकळसर असतात. दर सात-आठ वर्षांनी कारवी एकदम फुलते आणि मग मरते, त्यानंतर अशा काठ्या ढिगाने उभ्या दिसतात.

क्रम असा ठेवा: आधी उदबत्तीच्या काडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. प्रत्येक जाडीचा ढीग पेटवण्याआधी तयार हवा. पुढच्या आकाराचं जळण आगीच्या भोवती उभं करून ठेवा, म्हणजे पहिलं जळत असताना दुसरं वाळत राहतं. फायर स्टार्टर संपायच्या आत बारीक काटक्यांनी स्वतःची ज्योत धरली पाहिजे. त्यासाठी हवा जायला जागा सोडा. फुंकर खालून, लांब आणि हळू. गावाकडची फुंकणी म्हणजे नुसती नळी, पण ती हवा नेमकी मुळाशी नेते.

काही गोष्टी आगीत जाता कामा नयेत. बिब्ब्याचं लाकूड आणि कण्हेर यांचा धूर अपायकारक असतो. बंद पेऱ्यांचा बांबू तापला की आतली हवा आणि वाफ त्याला फोडते, मोठा आवाज होऊन चिपा उडतात. ओढ्यातल्या भिजलेल्या गोट्यांची चूल मांडली तर तेही तडकतात.

## "पण जंगलात आग पेटवायची परवानगी आहे का?"

बहुतेक ठिकाणी नाही, आणि ते योग्यच आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ राखीव जंगलात आग पेटवण्यावर बंधनं घालतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडून जायला मनाई करतं. आपले अनेक लाडके ट्रेक अभयारण्यांत येतात: हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, शिवाय भीमाशंकर आणि कोयना आहेतच. गडावरच्या देवळांत, गुहांत, तटाला टेकून चूल मांडणं म्हणजे शेकडो वर्षांच्या दगडाला काजळी फासणं.

दिवाळीनंतर चित्र पालटतं. पावसात कंबरेएवढं वाढलेलं गवत वाळून उभं असतं आणि फेब्रुवारी ते मे एक ठिणगी डोंगर पेटवायला पुरते. वनखातं त्यासाठी जाळरेषा काढतं, पण वाऱ्यावरची ठिणगी रेषा ओलांडते. आपल्याकडचे वणवे बहुतांशी माणसानेच लावलेले असतात. त्या महिन्यांत डोंगरात आग नको, कुठलीही नको. आणि कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या चवताळतात, हा धोका प्रत्यक्ष आगीइतकाच गंभीर आहे.

मग फायर स्टार्टर कुठे वापरायचा? गावकऱ्यांच्या अंगणात, स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या शेतावर, जिथे आगीची जागा ठरवून दिली आहे अशा कॅम्पवर, आणि घरच्या चुलीत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही कॅम्पग्राउंडच्या ठरलेल्या कुंडातच पेटवावं, आणि कोरड्या हंगामात तिथे आगबंदी आहे का ते आधी पाहावं. ट्रेकवर रोजच्या स्वयंपाकाला छोटा गॅस स्टोव्ह हजारपटीने बरा; पायथ्याच्या गावात घरगुती जेवण मिळत असेल तर तेही लागत नाही. रानातली आग फक्त खऱ्या संकटासाठी राखून ठेवायची.

## संकटात आग पहिली येत नाही

ओले कपडे, वारा आणि १८-२० अंशांचं तापमान एवढं जमलं तरी शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरू शकतं. त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि तो व्हायला बर्फ लागत नाही. हात थरथरायला लागले की काडी ओढणंही जमत नाही. म्हणून क्रम असा: आधी वाऱ्या-पावसातून आडोशाला या, ओले कपडे बदलून कोरडे घाला, अंगाखाली काहीतरी घाला, गोड खा, एकमेकांना चिकटून बसा. आग त्यानंतर. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड फायर स्टार्टरपेक्षा जास्त जीव वाचवेल असं मला ठामपणे वाटतं.

तंबूत किंवा बंद खोलीत आग, निखारे किंवा शेगडी कधीही नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस खोकत नाही, जागा होत नाही. दर हिवाळ्यात शेगडी लावून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्यामागे हाच वायू असतो.

## नेणं, साठवणं, विझवणं

व्हॅसलीनचे बोळे व्हॅसलीनच्याच रिकाम्या डबीत छान राहतात. मेणाचे तुकडे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, वितळून एकमेकांना चिकटतात. काड्या, लायटर आणि दोन-तीन फायर स्टार्टर एका डबीत, आणि तशीच दुसरी डबी सोबतच्या माणसाच्या सॅकमध्ये असावी. एक सॅक ओढ्यात गेली तरी दुसरी उरते. रेल्वेत पेट्रोल, रॉकेल किंवा गॅसची डबी नेणं हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार गुन्हा आहे, तेव्हा कसाऱ्याच्या लोकलमध्ये स्टोव्हची गॅसडबी घेऊन चढू नका. हिमालयात विमानाने जाणाऱ्यांनी यातलं काहीही सामानात न ठेवता तिथे पोचून घ्यावं.

मेण आणि व्हॅसलीनचे तुकडे वर्षानुवर्षं टिकतात. कापूर आणि काड्या मात्र दर जूनमध्ये तपासा. आणि आग विझवताना पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. मग पंजाची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब जाणवली तर अजून पाणी हवं. हाताला गार लागेपर्यंत निघायचं नाही.